थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि तब्येत ढासळली : एका निदानाची उलटतपासणी

रुग्ण : वय ३४, शिक्षिका. आठ महिन्यांपासून थकवा, नऊ किलो वजन घटलेलं. गेल्या तीन आठवड्यांपासून मळमळ आणि उलट्या. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि आदल्या दिवशी चक्कर येऊन पडल्या. सोबत धाकटी बहीण आणि कागदांनी फुगलेली फाइल.

हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे, कुणा एका व्यक्तीची ही कहाणी नाही. पण त्यातला प्रत्येक टप्पा या आजारात खरोखर घडू शकतो.

फाइलमधली पाच निदानं

पहिल्या डॉक्टरांनी थकव्याला रक्तक्षय म्हटलं. हिमोग्लोबिन १०.८ होतं, त्यामुळे लोहाच्या गोळ्या देण्यात काही चूक नव्हती. पुढे भूक मंदावली, पोट अधूनमधून दुखू लागलं. पोटविकारतज्ज्ञांनी दुर्बिणीतून तपासणी केली, ती नॉर्मल निघाली आणि आम्लता कमी करणारी गोळी सुरू झाली. चेहरा काळवंडतोय ही तक्रार त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली, तिथे ‘वांग’ असं निदान होऊन मलम मिळालं. पाचव्या महिन्यात वर्गात उभं राहून शिकवणं जमेना, उगाच रडू येऊ लागलं, कशात मन लागेना. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान करून एस्सिटॅलोप्राम सुरू केलं.

सहाव्या महिन्यातल्या रक्ततपासणीत सोडियम १३१ होतं (नॉर्मल १३५ ते १४५). नैराश्यावरच्या या जातीच्या गोळ्यांनी सोडियम उतरू शकतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून शेरा पडला, ‘औषधामुळे’. त्याच ओळीखाली पोटॅशियम ५.३ छापलेलं होतं, जरासं जास्त. त्यापुढे कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, ‘नमुना हिमोलाइज्ड असावा’. रक्त काढताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं, हेही बरोबर आहे. फक्त नमुना पुन्हा पाठवून पाहिला गेला नाही.

सातव्या महिन्यात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) ८.४ आला, नॉर्मलपेक्षा जास्त. पाचवं निदान : थायरॉइड मंदावलाय. रोज ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन सुरू झालं.

पाचांपैकी एकही निदान मूर्खपणाचं नाही. प्रत्येकाने समोर आलेल्या तक्रारीला साजेसं, आपल्या शाखेतलं सर्वांत सामान्य उत्तर दिलं. अडचण एवढीच की पाच तक्रारी एकाच शरीरात, एकाच वर्षात, एकामागून एक उगवल्या होत्या आणि त्यांची तारीखवार मांडणी कुणी केली नव्हती. फाइल शाखांप्रमाणे लावलेली होती. आजार मात्र कॅलेंडरप्रमाणे पुढे सरकत होता.

पुन्हा पहिल्यापासून

इंग्लंडमध्ये १९७५ साली बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६६ जणांचं अखेरचं निदान, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं पत्र वाचून आणि रुग्णाची हकिकत ऐकून केलेल्या पहिल्या निदानाशीच जुळलं. शारीरिक तपासणीने निदान बदललं ते सात जणांचं आणि प्रयोगशाळेने बदललं तेही सात जणांचं. त्यानंतर तपासण्यांचं जग पार बदललं आहे, तरी हे प्रमाण शिकणाऱ्यांना सांगत राहावं असं मला वाटतं. मात्र हकिकत ऐकायची म्हणजे काय विचारायचं, हा खरा प्रश्न आहे. ‘काय त्रास होतोय?’ या प्रश्नाला आज सर्वांत जास्त छळणारी तक्रार उत्तर म्हणून येते. या बाईंच्या बाबतीत ती उलट्यांची होती, आणि तिच्या मागे लागलं असतं तर पुन्हा पोटच तपासलं गेलं असतं.

म्हणून विचारलं, “पूर्णपणे ठणठणीत असं शेवटचं कधी वाटलं होतं तुम्हाला?”

थोडा विचार करून त्या म्हणाल्या, “मागच्या मोठ्या सुट्टीत. उन्हात खूप भटकलो होतो. आल्यावर चांगलीच रापले होते मी. तो रापलेपणा काही गेलाच नाही नंतर.”

बहीण मध्येच बोलली, “पण ताई, तुझी पाठ कशी काय रापेल? कमरेवर पट्टा बसतो तिथला वळसुद्धा काळा आहे तुझा.”

या एका वाक्याने प्रकरणाची दिशा बदलली. झाकलेली त्वचा, आणि त्यातही घासली जाणारी जागा काळी पडत असेल, तर वांग आणि ऊन ही दोन्ही स्पष्टीकरणं अपुरी पडतात. सोबत आलेल्या माणसाला ‘तुम्हाला काय वेगळं दिसतं?’ असं वेगळं विचारावं, ते यासाठीच. रुग्ण स्वतःला रोज आरशात पाहतो, त्याला बदल हळूहळू सवयीचा होतो.

मग प्रश्न नेमके करत गेलो. चक्कर कधी येते? अंथरुणातून उठताना, फळ्यावरून वळताना, गरम पाण्याने आंघोळ केल्यावर. पडून राहिलं की नाही. खाण्याच्या आवडीत काही बदल? “तोंडाला चवच नसते, म्हणून वरून मीठ घेते.” किती? बहिणीने हाताने दाखवलं तेव्हा चिमूटभर नव्हतं ते. खारट खाण्याची ओढ कुणी आपणहून सांगत नाही, कारण ती कुणाला तक्रार वाटतच नाही. पाळी अनियमित झाली होती. काखेतले केस विरळ झाले होते, हे विचारल्यावरच सांगितलं, तेही जरा संकोचाने.

स्टिरॉइडचा प्रश्न तीन तऱ्हांनी विचारावा लागतो. ‘स्टिरॉइड घेतलंय का?’ याला बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. ‘दम्याचा पंप, त्वचेचं मलम, सांध्यात इंजेक्शन, दुखण्यावर कुणी बिनानावाची पुडी?’ असं विचारलं की वेगळी उत्तरं येतात. बराच काळ घेतलेलं स्टिरॉइड अचानक थांबलं तर असाच थकवा आणि असाच उतरलेला रक्तदाब दिसू शकतो. इथे उत्तर खरोखरच नाही असं होतं. घरात किंवा निकटच्या सहवासात क्षयरोग? नाही. कुटुंबात? आईला कोड आहे, बहिणीला थायरॉइडचा त्रास आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर काय झालं? पहिले काही दिवस जरा तरतरी वाटली. दुसऱ्या आठवड्यापासून उलट्या सुरू झाल्या आणि उभं राहवेना. घरात सर्वांनी समजूत काढली की गोळी लागू पडायला वेळ लागतो.

योग्य निदानावरच्या औषधानेही त्रास होऊ शकतो, हे खरं. पण नव्या औषधानंतर तब्येत उतरत असेल, तर ते आजाराने दिलेलं उत्तर समजून वाचावं लागतं. बिघडण्याची तारीख हीसुद्धा लक्षणांच्या यादीतली एक नोंद असते.

अंगावरची चिन्हं

फाइलमध्ये रक्तदाबाच्या नोंदी पुष्कळ होत्या, सगळ्या बसून घेतलेल्या. ९६, ९८, १०० अशा. ‘सडपातळ बाईंचा कमीच असतो’ म्हणून कुणी थबकलं नव्हतं. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजला तेव्हा ९४/६० आणि नाडी ९२. उभं राहून तिसऱ्या मिनिटाला ७२/५० आणि नाडी १२०, आणि त्यांनी टेबलाचा आधार घेतला. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरणं अर्थपूर्ण मानतात, इथे २२ ने उतरला. नाडी इतकी वाढली याचा अर्थ मज्जासंस्था आपलं काम करत होती. नळ्यांतलं पाणी आणि मीठच कमी पडलं होतं.

मग त्वचा. सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या माणसात ही तपासणी अवघड जाते आणि पाठ्यपुस्तकातली गोऱ्या त्वचेची चित्रं इथे कामाला येत नाहीत. हिरड्यांवर काळपट डाग, तळहाताच्या रेषा जराशा गडद, हे अनेकांत जन्मापासून असतं. त्यामुळे ‘काळं आहे का’ याला फारसा अर्थ नाही, ‘काळं झालंय का’ हे शोधायचं. त्यासाठी दोन सोप्या गोष्टी केल्या. दोन्ही बहिणींचे तळहात शेजारी ठेवले : एकीच्या रेषा त्वचेच्या रंगाच्या, दुसरीच्या शाईने आखल्यासारख्या. आणि फोनमधला जुना फोटो पाहिला, ज्यात त्या हसत होत्या. तेव्हाच्या हिरड्या गुलाबी होत्या, आता त्यांवर निळसर-काळे पट्टे.

सर्वांत बोलकं चिन्ह त्यांच्या व्रणांवर होतं. गुडघ्यावर लहानपणी पडल्याचा व्रण होता, फिकट, आसपासच्या त्वचेपेक्षा उजळ. मनगटावर चार महिन्यांपूर्वी इस्त्री लागून भाजल्याचा व्रण होता, तो गडद तपकिरी. आजार सुरू होण्याआधीचे व्रण फिकट राहतात, नंतरचे काळे भरतात. भाजलेला व्रण एरवीही काही काळ काळपट राहतो, म्हणून एकट्या व्रणावर विसंबू नये. पण कमरेचा वळ, बोटांचे सांधे, तळहाताच्या रेषा आणि गालाची आतली बाजू हे सगळं एकाच दिशेने बोट दाखवत असेल, तर तो योगायोग नसतो.

न जुळणाऱ्या गोष्टींवरून

ताज्या तपासणीत सोडियम १२६, पोटॅशियम ५.८, साखर ६२, क्रिएटिनिन किंचित वाढलेलं, इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जास्त. पोटॅशियमचा नमुना या वेळी दोनदा पाठवला. दोन्ही वेळा तेवढंच आलं.

प्रत्येक जुनं निदान आता समोर ठेवून ‘यात काय बसत नाही’ असं विचारलं. नैराश्यात भूक आणि वजन घटतं, थकवा येतो, पण पोटॅशियम वाढत नाही. एस्सिटॅलोप्रामने सोडियम उतरतं, तेव्हा शरीरात पाणी साठल्यामुळे उतरतं. अशा वेळी उभं राहिल्यावर रक्तदाब कोसळत नाही आणि पोटॅशियमही नॉर्मल असतं. शिवाय थकवा आणि काळवंडणं गोळीच्या आधीपासूनचं होतं. मंद थायरॉइडमध्ये वजन सहसा वाढतं, नऊ किलो घटत नाही. पोटाच्या आजाराने, किंवा मुद्दाम उपाशी राहण्यामुळे, वारंवार उलट्या होत असतील तर पोटॅशियम कमी व्हायला हवं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच होती. आठवडेच्या आठवडे उलट्या करणाऱ्या, जेमतेम जेवणाऱ्या माणसाचं पोटॅशियम ५.८? ते बाहेर टाकणारं काहीतरी बंद पडलं असलं पाहिजे. सोडियम धरून ठेवणं आणि पोटॅशियम बाहेर टाकणं, मूत्रपिंडाकडून ही दोन्ही कामं करून घेणारं संप्रेरक म्हणजे अल्डोस्टेरॉन, आणि ते तयार होतं मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीत. त्याच ग्रंथीत कॉर्टिसॉल तयार होतं, ज्याच्या अभावी साखर उतरते, उलट्या होतात, अंगातलं त्राण जातं. काखेतले केस ज्या संप्रेरकांवर टिकतात तीही स्त्रियांमध्ये मुख्यतः तिथलीच. आणि कॉर्टिसॉल कमी पडलं की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक वाढवत राहते. ते ज्या मूळ प्रथिनापासून तुटून बनतं, त्यातूनच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना चेतवणारे तुकडेही बनतात. खुद्द एसीटीएचही त्या पेशींना चेतवतं. म्हणून त्वचा काळवंडते. पाच शाखांत विखुरलेली लक्षणं एका ग्रंथीत येऊन मिळाली.

हा ॲडिसनचा आजार. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली त्याचं वर्णन केलं, ॲड्रिनल ग्रंथी नेमकं काय करते हे माहीत नसताना. अशक्तपणा, नाडीचा दुबळेपणा, पोटाची कुरकुर आणि त्वचेचा बदललेला रंग या गोष्टी एकत्र पाहणं, एवढंच त्यांच्या हाती होतं. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी निदान चुकतं ते याच ‘एकत्र पाहण्यात’. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना हा आजार होता. १९४७ साली लंडनमध्ये त्याचं निदान झालं, आणि पुढे लोक त्यांच्या रापलेल्या चेहऱ्याला तब्येतीची खूण समजत राहिले!

उपचार आधी, पुरावा मागाहून

इथे वेळ दवडणं धोक्याचं असतं. शिरेतून रक्त काढून कॉर्टिसॉल आणि एसीटीएचचे नमुने घेतले (एसीटीएचची नळी बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते, नाहीतर आकडा खोटा कमी येतो) आणि अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन (औषधरूपातलं कॉर्टिसॉल, म्हणजे स्टिरॉइड) १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. पहिल्या तासाभरात एक लिटर सलाइन, साखर कमी म्हणून ग्लुकोज, आणि पुढच्या चोवीस तासांत हायड्रोकॉर्टिसोन २०० मिलिग्रॅम. थायरॉक्सिन थांबवलं.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष ठेवलं. कॉर्टिसॉल मिळताच मूत्रपिंड साठलेलं पाणी झपाट्याने सोडू लागतं आणि सोडियम हवं त्यापेक्षा वेगाने चढू शकतं. ते फार वेगाने चढलं तर मेंदूच्या मज्जातंतूंवरच्या आवरणाला कायमची इजा होण्याचा धोका असतो, म्हणून दर काही तासांनी सोडियम मोजत राहिलो. संध्याकाळपर्यंत उलटी थांबली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी खायला मागितलं.

कॉर्टिसॉल आलं २.१ मायक्रोग्रॅम. एवढ्या आजारपणाच्या ताणात निरोगी माणसाचं ते १८ च्या पुष्कळ वर जायला हवं. एसीटीएच नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या कितीतरी पट. शंका असती तर कृत्रिम एसीटीएचचं २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन देऊन कॉर्टिसॉल वाढतं का ते पाहिलं असतं. या आकड्यांनंतर त्याची गरज उरली नाही. एसीटीएच वाढलेलं असल्यामुळे दोष पीयूषिकेत नाही, ॲड्रिनलमध्येच आहे, हेही ठरलं. पीयूषिकेच्या आजारात किंवा स्टिरॉइड अचानक थांबल्यावर एसीटीएच कमी असतं, त्वचा काळवंडत नाही आणि अल्डोस्टेरॉन शाबूत असल्याने पोटॅशियम नॉर्मल राहतं.

आता कारण शोधायचं. ॲडिसन यांच्या काळात क्षयरोग हे मोठं कारण होतं आणि जिथे क्षय आहे तिथे ते आजही विसरून चालत नाही. त्यात सीटी स्कॅनवर ग्रंथी सुजलेल्या किंवा पुढे चुन्यासारख्या कठीण झालेल्या दिसतात. हे पाहणं आणखी एका कारणाने गरजेचं : क्षयावरचं रिफॅम्पिसिन शरीरातलं कॉर्टिसॉल वेगाने मोडतं, आणि लपलेला ॲडिसन त्याच औषधाने उघडा पडू शकतो. इथे छातीचा एक्स-रे स्वच्छ होता आणि २१-हायड्रॉक्सिलेज या ॲड्रिनलमधल्या विकराविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात सापडली. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनेच ग्रंथी पोखरली होती. आईचं कोड आणि बहिणीचा थायरॉइड याच कुळातले.

मग टीएसएच का वाढला होता?

कॉर्टिसॉल टीएसएचवर नेहमी थोडा लगाम ठेवतं. कॉर्टिसॉल नाहीसं झालं की लगाम सुटतो आणि थायरॉइड धड असतानाही टीएसएच माफक वाढतो. असा वाढलेला टीएसएच पाहून थायरॉक्सिन दिलं, तर दोन गोष्टी होतात. शरीराचा सगळा व्यवहार वेगात चालू लागतो, म्हणजे कॉर्टिसॉलची गरज वाढते. आणि जे थोडंफार कॉर्टिसॉल उरलं आहे तेही लवकर मोडलं जातं. ज्या माणसाची शिल्लक संपत आली आहे, त्याचा खर्च आपण वाढवतो. त्यांच्या पहिल्या काही दिवसांच्या तरतरीचा आणि नंतरच्या कोसळण्याचा अर्थ हाच लागतो.

दोन्ही आजार खरोखर एकत्र असले, आणि ते असू शकतात, तरीही क्रम ठरलेला आहे : आधी स्टिरॉइड, मग थायरॉक्सिन. इथे थायरॉक्सिनशिवाय, फक्त हायड्रोकॉर्टिसोनवर, दोन महिन्यांनी टीएसएच ३.१ वर आला. थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं मात्र रक्तात आहेत, त्यामुळे तो वर्षातून एकदा पाहिला जाईल.

घरी जाताना हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २० मिलिग्रॅम, तीन वेळांत विभागून, त्यातला मोठा भाग सकाळी उठल्याबरोबर. आणि अल्डोस्टेरॉनची जागा घेणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन १०० मायक्रोग्रॅम. ही औषधं आयुष्यभराची. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन आणि थेट रुग्णालय. हे बहिणीलाही शिकवलं आणि इंजेक्शन भरायचा सराव तिच्याकडूनच करून घेतला, कारण गरज पडेल तेव्हा रुग्णाच्या हातात बळ नसेल. नैराश्याची गोळी लगेच बंद केली नाही. आठ महिन्यांत नोकरी, घर आणि स्वतःवरचा विश्वास डळमळलेला असतो, आणि त्यातलं सगळंच कॉर्टिसॉलने भरून येईल असं गृहीत धरायचं कारण नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ती पुढे हळूहळू कमी केली.

केव्हा पकडता आला असता?

वॉर्डातल्या एका निवासी डॉक्टरने हा प्रश्न विचारला. प्रामाणिक उत्तर टप्प्याटप्प्याने द्यावं लागतं. पहिल्या भेटीत, नुसता थकवा आणि १०.८ हिमोग्लोबिन असताना, बहुधा नाही. ग्रंथीचा बहुतांश भाग नष्ट होईपर्यंत लक्षणं ठळक होत नाहीत, आणि थकलेल्या प्रत्येक माणसाचं कॉर्टिसॉल मोजत बसणं शहाणपणाचं नाही. पोटाच्या तक्रारीच्या वेळी उभं करून रक्तदाब मोजला असता तर कदाचित. त्वचारोगतज्ज्ञांकडे चेहऱ्याबरोबर पाठ आणि तळहात पाहिले गेले असते तर बरीच शक्यता होती. सहाव्या महिन्यात, सोडियम १३१ आणि पोटॅशियम ५.३ एकाच कागदावर असताना, नक्कीच. तो नमुना पुन्हा पाठवला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता कॉर्टिसॉल मोजण्यापलीकडे काही करावं लागलं नसतं. आणि टीएसएच आला त्या दिवशी, थायरॉक्सिन लिहिण्याआधी, वजनाचा रकाना पाहिला असता तरी पुरलं असतं : ५६ वरून ४८, आणि मंद थायरॉइड?